मागचा हात

सायकलची कल्पना सुरुचीच्या नवऱ्याची, नीरजची. दिल्लीत झंडेवालानच्या सायकल बाजारातून त्याने ती टेम्पोत घालून आणली तेव्हा २००१ सालचा फेब्रुवारी संपत आला होता आणि ग्रेटर नोएडात राहायला येऊन त्यांना जेमतेम चार महिने झाले होते. त्याआधी मयूर विहारात दीड खोली होती. इथे तीन खोल्या, दोन बाल्कन्या, आणि बाल्कनीतून दिसणारा सहा पदरी रस्ता. गाडी मात्र दहा मिनिटांत एखादी. कंपन्या येणार, शाळा येणार, माणसं येणार, असं सगळेच म्हणत होते. तोवर रस्ते तेवढे होऊन बसले होते.

"पुढे बास्केट, मागे कॅरिअर," नीरज म्हणाला. "रोज सकाळी अर्धा तास. कादंबरीला मी बघतो."

"ती उठली तर?"

"उठली तर उठली. बाप आहे यार मी तिचा, शेजारी नाही."

कादंबरी चार वर्षांची होती आणि ठणठणीत होती. तरी सुरुची रात्री दोनदा उठून तिच्या नाकाखाली बोट धरून बघायची. बाल्कनीला तिने जाळी मारून घेतली होती, गॅसचा कॉक ती तीन-तीनदा तपासायची. एम.एस्सी. झालेल्या बाईला हे शोभत नाही, हे तिला कळत होतं. कळून काही होत नव्हतं. मुलगीही तशीच, आईच्या ओढणीचं टोक मुठीत आल्याशिवाय तिला झोप लागायची नाही.

सायकल सुरुचीला येतच नव्हती. चिपळूणला त्यांच्या वाडीत सगळा चढउतार, मुलींनी सायकल शिकायची पद्धतच नव्हती. एकतिसाव्या वर्षी, रविवारी सकाळी, सलवारीचे पाय रबरबँडने बांधून ती पहिल्यांदा सीटवर बसली. समोर दुसऱ्या गोल चक्करपासून, म्हणजे चौकातल्या वाहतूक बेटापासून, तिसऱ्यापर्यंत सरळ रस्ता होता. दोन्ही बाजूंना रिकामे प्लॉट, त्यांच्या कोपऱ्यांवर नंबर रंगवलेले सिमेंटचे खांब, आणि बस कधीच न आलेला एक बसस्टॉप.

"पकडलंय ना?" तिने विचारलं.

"बिल्कुल. तू समोर बघ."

"मी पण धरणार," कादंबरी म्हणाली आणि तिने कॅरिअरच्या डाव्या दांडीला हात लावला.

सुरुचीचं लक्ष हँडलवर होतं. "हो, धर. घट्ट धर. मी सांगेपर्यंत सोडायचं नाही."

नीरज ढकलत पळू लागला. कादंबरी दहा पावलांतच मागे पडली, तिचं हसणं लांब गेलं. सायकल डुगडुगली, मग सरळ झाली. गाल थंड पडले. सीटखालून येणारी बारीक थरथर सुरुचीला आयुष्यात पहिल्यांदा कळली आणि ती मोठ्याने म्हणाली, "नीरज, सोडू नकोस हं."

कॅरिअर धरलेलं होतं. जरा डावीकडे तोल गेला की मागून कुणीतरी हलकेच सावरत होतं. तिसऱ्या चक्करपाशी तिने मान वळवली.

नीरज कुठल्या कुठे मागे राहिला होता. कादंबरीला कडेवर घेऊन तो हात हलवत होता. तीही हलवत होती.

कॅरिअर अजून धरलेलं होतं.

सुरुचीने दोन्ही ब्रेक एकदम दाबले आणि ती कोपरावर पडली.

"अर्ध्या रस्त्यातच सोडलं मी," नीरज धापा टाकत येऊन म्हणाला. "सगळ्यांना असंच वाटतं. सोडल्यावरही वाटतं की धरलंय. त्यानेच तर शिकतात." तिला ते पटलं. मेंदू असले खेळ करतो, हे तिने वाचलं होतं.

मार्चभर ती रोज पावणेसहाला निघत राहिली. निघायच्या आधीचं एक काम तिला आवडत नसे: कादंबरीच्या मुठीतून ओढणी सोडवणं. करंगळीपासून सुरुवात करून एकेक बोट उलगडावं लागायचं. सोडवल्यावरही मूठ अर्धवट मिटलेलीच राहायची, आत काही असल्यासारखी.

पहिले दहा दिवस मांड्या भरून यायच्या, बसता येत नसे. एकदा चेन उतरली तेव्हा काळ्या हातांनी ती दोन किलोमीटर सायकल ढकलत आली. सूरजपूरकडे डबे घेऊन जाणारे कामगार सायकली हळू करून तिच्याकडे बघायचे. एकाने विचारलं, "कौन सी फॅक्टरी, बहनजी?" ती म्हणाली, "ऐसे ही चला रही हूँ." तो बराच वेळ वळून वळून बघत गेला. गेटवरच्या गार्डला वाटायचं की साहेबांची गाडी बिघडली आहे.

बाकीच्या रस्त्यांवर ती कच्चीच राहिली. खड्डा दिसला की खड्ड्यातच जायची, ट्रकचा हॉर्न आला की पाय टेकायची. फक्त दुसऱ्या चक्करपासून तिसऱ्यापर्यंत तिला सायकल यायची. तिथे पोचलं की मागे हलकासा झटका बसायचा आणि सायकल स्थिर व्हायची. पायांवरचा भार निम्मा व्हायचा. ती वेगात जायची, ओढणी उडायची, दुभाजकावरची बोगनवेल सरसर मागे पडायची. त्या दीड किलोमीटरात तिच्या डोक्यात गॅसचा कॉक नसायचा, जाळी नसायची. कुणाचा श्वास बघायचा नसायचा.

कधी कधी वारा पडलेला असला की मागून आवाज यायचा. अनवाणी पायांचा, पट् पट् पट्. सुरुची मागे बघत नसे. मागे बघितलं तर तोल जातो, असं नीरजने बजावलं होतं. हे कारण तिला पुरत होतं.

एप्रिलच्या सुरुवातीला कादंबरी दुपारी झोपू लागली. मग सकाळी उशिरापर्यंत. जेवताना घास तोंडात तसाच राहायचा. "पाय दुखतात," म्हणायची.

बालवैद्याने गुडघे दाबून पाहिले. "ग्रोइंग पेन्स हैं. भागती बहुत होगी."

"घर में ही रहती है, डॉक्टर साहब."

"बच्चे हैं, आप को पता भी नहीं चलता कब भागते हैं." त्याने टॉनिक लिहून दिलं. वजन दीड किलोने उतरलं होतं.

दुसऱ्या दिवशी फिरून आल्यावर सुरुचीने पांघरूण बाजूला केलं. कादंबरीच्या तळव्यांना धूळ होती. पिवळट, पिठासारखी, बोटांच्या बेचक्यांतसुद्धा. इथल्या रिकाम्या प्लॉटांवरून उडणारी.

"नीरज, ही उठली होती?"

"नाही गं. इथेच तर होती माझ्या शेजारी. एकदा उं उं केलं फक्त." नीरजने डोळे न उघडताच सांगितलं. "बाल्कनीत गेली असेल काल. पाय धुतले नसतील."

काल रात्री सुरुचीने स्वतः पाय धुतले होते, स्वतः पुसले होते. तिने ते सांगितलं नाही. ओलं फडकं आणून तिने तळवे पुसले आणि मग उजवा हात उलटा करून पाहिला. तळहातावर आडवी, काळसर रेघ होती. तिच्याखाली बोटांच्या मुळाशी तीन फोड.

सायकल जिन्याखाली उभी असायची. कॅरिअरचा काळा रंग अजून नवाकोरा होता. डाव्या दांडीवर मात्र एका जागी तो घासून गेला होता आणि आतलं लोखंड चकाकत होतं. चार इवल्या बोटांची रुंदी असेल.

इथे थांबायला हवं होतं. सुरुची थांबली नाही, हे तिने पुढे कुणालाच सांगितलं नाही. आणखी चार दिवस ती गेली. उद्या खात्री करून घेऊ, असं रोज मनाशी म्हणत ती जायची, दुसऱ्या चक्करपाशी झटका बसायचा, भार उतरायचा, आणि तेवढ्या दीड किलोमीटरात खात्री करायचं राहून जायचं.

पाचव्या दिवशी ती परतली तेव्हा तळमजल्यावरच्या सुमित्राकाकू अंगणात तुळशीला पाणी घालत होत्या. नवरा सुभेदार म्हणून निवृत्त झालेला, उभा जन्म छावण्यांत गेलेला, पण बोलणं अजून साताऱ्याकडचं.

"काय गं सुरुची," काकू म्हणाल्या, "तुला काळीज हाय का न्हाई?"

"का हो काकू?"

"यवढीशी पोर ती. तिला सायकलीमागं पळवत नेतीस रोज? ते बी अनवाणी. पायात चप्पल तरी घाल की तिच्या."

"तुम्ही कुठे पाहिलंत?"

"गच्चीवरनं दिसतंय की सगळं. सुभेदार म्हनत्यात, तुझ्या डोळ्यांत मोतीबिंदू, तुला काय दिसतंय. पर एक बाई आन् मागं एक पोर, यवढं मला दिसतंय." तांब्या पालथा करत काकूंनी विचारलं, "आज एकलीच आलीस ती? पोर कुठं ठिवली?"

सुरुची जिना दोन-दोन पायऱ्यांनी चढली. कादंबरी पलंगावर होती. श्वास धावून आल्यासारखा चालला होता. थोड्या वेळाने शांत झाला.

त्या दिवशी तिने सायकलला साखळी घातली आणि किल्ली तांदळाच्या डब्यात टाकली.

आठवडाभर ती घरातच राहिली. पावणेसहाला तिला आपोआप जाग यायची आणि अंधुक उजेडात ती बघत बसायची. नेमकं पावणेसहाला कादंबरीचे पाय चादरीखाली हलू लागायचे. आधी सावकाश, मग भराभर. उजवी मूठ आवळलेली, दंड ताणलेला, जणू पुढून कुणी ओढतंय. डोळे मिटलेले. साडेसहाला पाय थांबायचे. तळव्यांना धूळ असायचीच.

सातव्या दिवशी झोपेतच ती स्पष्ट बोलली.

"आई, सोडायचं तू सांगितलंच नाहीस."

आठव्या दिवशी सुरुचीने डब्यातून किल्ली काढली.

आदल्या रात्री आंधी येऊन गेली होती. रस्त्यावर धुळीचा पातळ थर बसला होता, त्यावर अजून एकही चाक उमटलं नव्हतं. बसस्टॉपच्या छपराखाली एक नीलगाय उभी होती. ती हलली नाही.

दुसरं चक्कर आलं.

झटका बसला.

या वेळी सायकल हलकी झाली नाही. मागे ओझं होतं, थकलेलं. पट् पट्. मग थोडं घसटत. मग पुन्हा पट् पट्. आणि पावलांच्या वर, अगदी जवळ, एक छोटा, तुटणारा श्वास. हा श्वास सुरुचीला ओळखू येत होता. चार वर्षं ती तो नाकाखाली बोट धरून बघत आली होती.

मागे बघायचं तिला धैर्य झालं नाही.

"सोड," ती म्हणाली.

पट् पट् पट्.

"सोड, बाळा. सोड आता."

कॅरिअरवरचा हात निघाला.

सायकल एकदम इतकी मोकळी झाली की ती तिसऱ्या चक्करच्या पलीकडे, रस्ता संपून शेताचा बांध लागतो तिथवर गेली. पडली नाही. एक पाय जमिनीवर टेकवून ती वळली.

सरळ रस्ता रिकामा होता. धुळीत तिच्या चाकाची रेघ आणि रेघेच्या डावीकडे इवल्या पावलांचे ठसे. ते ठसे मधल्या एका खांबापर्यंत आले होते. तिथे संपले होते. उलटे, परत जाणारे ठसे नव्हते.

सायकल हातात धरून ती त्या खांबापाशी थोडा वेळ उभी राहिली. मग घरी आली.

कादंबरी उठून बसली होती. तळवे स्वच्छ. "भूक लागली," म्हणाली, आणि दोन पराठे खाल्ले. पंधरा दिवसांत वजन भरून निघालं. मे संपेपर्यंत गाल वर आले. डॉक्टर स्वतःच्या टॉनिकवर खूश झाला. नीरज लोकांना सांगू लागला, "हिला आता ट्रकसुद्धा घाबरतात." ते खरंच होतं. सुरुची कुठल्याही रस्त्यावर सरळ चालवत होती. ती रोज त्या खांबापाशी जाऊन थांबते, बसस्टॉपच्या आत वाकून बघते, कॅरिअरवर हात ठेवून मागच्या रस्त्याला हळू आवाजात "चल, घरी जाऊ" म्हणते, हे नीरजला माहीत नव्हतं. त्या दिवशी तेवढंच म्हणायचं राहिलं होतं.

कादंबरी आता तिच्याशिवायही झोपायची. ओढणी मागायची नाही.

जूनमध्ये एका संध्याकाळी दोघी दुधाच्या बूथकडे निघाल्या. रस्ता ओलांडायचा होता. सुरुचीने सवयीने हात खाली केला. "हात धर, बाळा."

कादंबरीने आपला हात तिच्या हातात ठेवला. गरम होता, मऊ होता. तळहातावर कसली रेघ नव्हती.

"धर ना नीट."

मुलीने मान वर करून तिच्याकडे पाहिलं. हट्ट नव्हता, राग नव्हता. नवीन जागी आलेलं माणूस विचारतं, तशा अदबीने तिने विचारलं, "कसं धरायचं?"

सुरुची रस्त्याच्या कडेला उकिडवी बसली. करंगळीपासून सुरुवात करून तिने एकेक बोट आपल्या बोटावर मिटवलं. पाचही मिटवून झाल्यावर तिने आपला दुसरा हात हळूच बाजूला घेतला.

बोटं एकेक करून उघडली.