समुद्रामागची तिसरी गल्ली

पलंग भिंतीतून खाली यायलाच तयार नव्हता. स्टुडिओ हॉटेलातली ती खोली एवढीशी, की दिवसा पलंग भिंतीत उभा लोटायचा, तेव्हा कुठे शिलाई मशीन मांडायला जागा व्हायची. ओढून ओढून ती घामाघूम झाली. कुणीतरी भेटेल म्हणून दार उघडलं, तर शेजारच्या खोलीचं कुलूप काढत एक उंच तरुण उभा. केस ओले, खांद्यावर पाणी ठिबकणारी पिशवी.

"जरा येता का... पलंग अडकलाय."

त्याने आत येऊन बिजागरीला एक लाथ घातली. पलंग धाडकन खाली आला.

"ह्याला लाडीगोडी चालत नाही," तो म्हणाला.

"तुम्हाला चालते वाटतं?"

बोलून गेल्यावर तिने जीभ चावली. तो मात्र दारात वळून हसला. "करून बघा कधीतरी."

तो पाणबुड्या होता. धक्क्याला श्रीमंतांच्या पांढऱ्याशुभ्र बोटी लागलेल्या असत. त्यांच्या बुडाला चिकटलेलं शेवाळ आणि शिंपले तो पाण्याखाली उतरून खरवडायचा. आणि ती मावशीच्या शिवणाच्या दुकानातली, मावशीनेच वाढवलेली, कामात तरबेज. एका बड्या घरच्या नवरीचा लग्नाचा पोशाख अंगावर बेतून द्यायला या झगमगत्या शहरात आली होती. नवरी समुद्रासमोरच्या आलिशान हॉटेलात, ही मागच्या तिसऱ्या गल्लीत. इथून समुद्र दिसायचा तो बाथरूमच्या खिडकीतून, मान वाकडी केली तर.

काम खरं तर किरकोळ होतं. पण नवरीला पोशाख घट्ट वाटायचा. उसवून सैल केला, तरी घट्टच. उद्या बोलावते म्हणायची आणि फोन यायचा नाही. मग ही खोलीत येरझाऱ्या घालायची. मशीनपाशी बसायची, उठायची, फोन उलटा ठेवायची, पुन्हा सुलटा करायची. चहा कपात तसाच गार व्हायचा. तिकडून मावशी रोज विचारायची, इथे कामाचा ढीग पडलाय, तू येतेस कधी?

संध्याकाळी मात्र दारावर टकटक व्हायची. दोघं समुद्राकाठच्या रस्त्याने चालत सुटायची. काचेआडच्या महागड्या कपड्यांच्या शिवणीत ती खोट काढायची आणि तो खो खो हसायचा. एकदा तिने त्याच्या पाण्यात घालायच्या रबरी सूटचं फाटलेलं कोपर शिवून दिलं. त्या जाड रबरात सुई घुसता घुसेना. त्या बदल्यात त्याने आमलेट केलं आणि कसं झालंय म्हणून विचारलं.

"रबर जास्त मऊ होतं," ती म्हणाली.

त्या दिवसापासून 'अहो'चं 'अरे' झालं. आणि नवरीने आणखी थोडे दिवस कुरकुर करावी, असं तिला वाटायला लागलं. स्वतःचाच राग आला. झोप उडाली ती उडालीच.

शेवटी नवरीने बोलावलं. आरशासमोर उभी राहून ती पुन्हा तेच म्हणाली, श्वास घेता येत नाही. हिने कमरेपाशी बोट घातलं. दोन बोटं सहज मावत होती.

"ताई, आता सोडायला शिवणीत कापड उरलं नाही," ती हळूच म्हणाली. "आणि घट्ट वाटतंय ना... तो पोशाख नाहीये."

नवरी आरशात बघत राहिली. मग खाली बसली आणि रडली, बराच वेळ. ही तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिली. दुसऱ्या दिवशी सकाळी निरोप आला: लग्न मोडलं, तुम्ही मोकळ्या आहात.

मोकळी! तिने बॅग भरली, उपसली, पुन्हा भरली. काल दुसरीला खरं बोलायला लावलं, आणि आपण? ती तशीच धक्क्यावर गेली. तो पाण्याखाली होता, वर नुसते बुडबुडे. बुडबुडे सरकतील तशी ती काठाने सरकत राहिली, या टोकापासून त्या टोकापर्यंत. अखेर डोकं वर आलं. त्याने मास्क कपाळावर सरकवला.

"माझं काम संपलं. उद्या निघतेय," ती म्हणाली. "पण तू... मला आवडतोस. हे सांगितल्याशिवाय जीव थाऱ्यावर येईना."

त्याने बोटीची दोरी घट्ट धरली.

"तुमच्याकडे समुद्र आहे?"

"नदी आहे."

"बोटी?"

"एक होडी आहे. तीही गळकी."

"चालेल. तीच घासत बसेन."

तिला हसूही आलं, डोळेही भरले. तो वर चढून शेजारी बसला, तिचे कपडे भिजले, तरी ती सरकली नाही. तिथूनच तिने मावशीला फोन लावला. उद्या येते, म्हणाली, पण एकटी नाही.

मावशीने एवढंच विचारलं, तो करतो काय?

"पाण्यात काम करतो."

"म्हणजे सदा ओला," मावशी म्हणाली. "बरं. दोन टॉवेल जास्तीचे काढून ठेवते."