खातूनबींचं मोडलेलं हाड

"हा स्कॅन माझ्या अम्मीचा न्हाईच!" साताऱ्याच्या रिजवाननं दोन पाकिटं टेबलावर आपटली. "साताऱ्याच्या एक्सरेत काळीज डावीकडं, सांगलीच्या स्कॅनमधी उजवीकडं. परक्या बाईचा स्कॅन बघून अम्मीचं पोट फाडणार व्हय? मी सही करणार न्हाई."

सही नाही तर उद्याची शस्त्रक्रिया नाही. खातूनबींच्या जठरातली गाठ वाढत होती, घास उतरत नव्हता.

खासगी गुप्तहेर गुणमाला चौगुलेंनी फिल्म खिडकीकडे धरल्या. "गळ्याखालचं हाड मोडून जुळलंय. एक्सरेत उजवं, स्कॅनमध्ये डावं."

"म्हंजे बायका दोन!" त्यांचे मदतनीस, निवृत्त सुभेदार नाथाजी, खूश झाले.

दोघं साताऱ्यात पोचले, तर एक्सरे काढणाऱ्या इंद्रजितच्या दारात पेशंटची ही रांग. "डाव्या-उजव्याची खूण लावायची राहिली तर मागनं कॉम्प्युटरवर टाकतो," तो म्हणाला. "काळीज दिसलं की बाजू कळतीच की."

सांगलीत सर्जन सन्मती उपाध्ये आरशात बघत कापडाच्या तुकड्यावर टाके घालत बसले होते. नाथाजींच्या कपाळाला आठ्या पडल्या. ह्यो गडी आत्ता शिकतोय?

"खातूनबींचे आतले अवयव उलट्या बाजूला आहेत," डॉक्टर म्हणाले. "छातीला नळी लावून मी स्वतः ऐकलंय. मुलाला वाटतं, मी चूक झाकतोय."

वॉर्डात खातूनबींनी गळ्याखालचा उंचवटा चाचपला. "ल्हानपणी म्हशीवरनं पडले."

तो डावीकडे होता. गुणमालाबाईंनी सगळ्यांना, साताऱ्याहून इंद्रजितलाही, खाटेभोवती बोलावलं.

"रिजवान, हाड डावीकडचं. स्कॅनमध्येही डावीकडचंच. म्हणजे स्कॅन अम्मीचाच."

"आन् एक्सरे?" नाथाजी गोंधळले.

"तोही त्यांचाच, पण उलटवलेला. इंद्रजित, खूण राहिली होती. काळीज उजवीकडे दिसलं, तुम्हाला वाटलं चित्रच उलटं आलंय. तुम्ही ते सरळ केलंत. काळजाबरोबर हाडही बाजू बदलून गेलं."

इंद्रजितनं मान खाली घातली. "व्हय बाई. असं माणूस असतं, हे ठावंच नव्हतं."

"मग त्यो आरसा?" नाथाजींनी विचारलं.

"वीस वर्षं हात एकाच बाजूला वळलाय," डॉक्टर म्हणाले. "आठ दिवस त्याला उलटं शिकवतोय. उद्या मी टेबलाच्या दुसऱ्या बाजूला उभा राहणार."

एवढा मोठा डॉक्टर एका म्हातारीसाठी पुन्हा विद्यार्थी झाला होता. नाथाजींना आपल्या संशयाची लाज वाटली. त्यांनी टाचा जुळवून कडक सॅल्यूट ठोकला.

रिजवाननं अम्मीच्या छातीवर उजवीकडे तळवा ठेवला. ठोके थेट हाताला लागले. त्यानं सही केली.

शस्त्रक्रिया पाच तास चालली, गाठ निघाली. सहाव्या दिवशी रिजवान अम्मीला चमच्यानं पेज भरवत होता.

"तान्हेपणी लय रडायचास रं," खातूनबी म्हणाल्या. "डाव्या कुशीत घेतलं तर गप व्हायचा न्हाईस. उजव्या कुशीत घेतलं की लगेच झोपायचास. तुला तवाच कळलं हुतं बघ."