बोटावरची पट्टी

ऑर्विल टॅकेटचं नाव कुणाला ठाऊक नव्हतं, तोंड मात्र सगळ्यांच्या ओळखीचं. बरबँक या सिनेमावाल्यांच्या गावात, भर बाजारात बायका त्याला अडवायच्या, "अहो, तुम्ही आमच्याकडे विमा विकायला आला होतात ना?" तो भला माणूस, "हो" म्हणून मोकळा व्हायचा. त्याची बायको नेटी मात्र उसळायची. "विमा कसला विकतोय! परवाच दरोडेखोरांची गोळी खाऊन मेलाय तो. थिएटरात जाऊन बघा!"

पडद्यावर तो कधी दारूच्या गुत्त्यावरचा नोकर, कधी हॉटेलातला कारकून, कधी शेरिफच्या मागचा शिपाई. सिनेमात त्याला ना घर असायचं, ना बायको. दोन वाक्यं बोलायची आणि बहुतेकदा मरायचं. म्हणून लग्नाची अंगठी झाकावी लागे. जाड बोटातून ती निघतच नसे. रोज सकाळी कॉफी उकळेपर्यंत नेटी तिच्यावर कातडीच्या रंगाची चिकटपट्टी गुंडाळायची. "जा, झालास ब्रह्मचारी," म्हणायची. संध्याकाळी तो आपल्या खुर्चीत बसून अंगठ्याच्या नखाने पट्टी सोलायचा आणि खुर्चीच्या हातालाच चिकटवून ठेवायचा. "खुर्ची आहे की माश्या पकडायचा कागद?" हे त्यांचं रोजचं भांडण.

तो गेला तेव्हा शेवटचे कपडे तिनेच चढवले. परक्याचा हात लागू दिला नाही. टाय बांधला, केस बसवले. दफन उरकून घरी येऊन पर्स उघडली, तर पट्टीचं रीळ वरच पडलेलं, टोक ताजं फाडलेलं. तिच्या हातांनी सवयीने आपलं काम उरकून टाकलं होतं. ऑर्विल बिनलग्नाचा म्हणून मातीत गेला होता.

"मॉम, एवढीशी पट्टी ती," मुलगी लोरेन म्हणाली.

"तुला एवढीशी. वर कुणी विचारलं, तुझं माणूस कोण, तर काय दाखवेल तो?"

लोरेनने ताट तिच्यापुढे सरकवलं. नेटीने ते तसंच परत केलं.

दुपारी टीव्हीवर जुने सिनेमे लागत. "मला नाही बघायचं त्याचं तोंड," असं म्हणत नेटी बरोबर वेळेला समोर बसायची. एका दुपारी गुत्त्यातला प्रसंग लागला. ऑर्विल ग्लास पुसत होता, आणि पुसता पुसता नखाने बोट कुरतडत होता.

नेटी पुढे सरकली. हा सिनेमा तिला पाठ होता. त्यात असलं काही नव्हतं.

दुसऱ्या दिवशी त्याच्याही कितीतरी आधीचा सिनेमा. ऑर्विलचे केस काळेभोर, हॉटेलच्या किल्ल्या वाटतोय. पट्टीचं टोक सुटून वर आलेलं. तिने गुंडाळलेली पट्टी आयुष्यात कधी सुटली नव्हती.

पुढच्या सिनेमात नायक तावातावाने बोलत होता. मागे उभा ऑर्विल त्याच्याकडे बघतही नव्हता. मान खाली घालून, दात आवळून, तो पट्टी सोलत होता. निम्मी निघाली होती.

"ओढ रे," नेटी पुटपुटली. "ओढ, माझ्या राजा."

शनिवारी तिने लोरेनला बोलावून घेतलं. "तोंड बंद ठेवून बघ."

त्या सिनेमात ऑर्विल म्हातारा कॅथलिक पाद्री होता. घराबाहेर ऊन रणरणत होतं, नेटीच्या खोलीतले पडदे ओढलेले. पाद्र्याने आशीर्वादाला हात उचलला. बोटावर अंगठी झगझगीत दिसली.

"पाद्र्याच्या बोटात लग्नाची अंगठी?" लोरेनचा आवाज बारीक झाला. "सिनेमावाल्यांनी हे चालवून कसं घेतलं?"

"चालवून नव्हतं घेतलं. त्या सकाळी मीच पट्टी लावली होती."

पाद्र्याने हात खाली घेतला. मग त्याने कॅमेऱ्याच्या थोडं बाजूला पाहिलं. नेटीच्या डावीकडे, जिथे त्याची खुर्ची होती. आणि हसला.

लोरेनने झटकन टीव्ही बंद केला.



खुर्चीकडून चर्रकन आवाज आला. हलकासा, काहीतरी सोलल्यासारखा.

तो गेल्यापासून त्या खुर्चीत कुणी बसलं नव्हतं. नेटी उठली. खुर्चीच्या हाताला पट्टी चिकटवलेली होती.

"किती वेळा सांगितलं," ती म्हणाली, पण आवाज भांडणाचा निघाला नाही. "खुर्चीला नको म्हणून."

तिने पट्टी अलगद सोडवली. कोमट होती. आत अंगठीचा गोल वळ उमटला होता.

"बघू, मॉम."

नेटीने मूठ मिटली आणि छातीशी धरली. पोरीला कशाला दाखवायचं? डिंकाला ओली माती लागली होती.