पाठकोरा कागद

"राधाताई, माझी वही गेली!"

रविवारी सकाळी दहा वाजता प्रज्ञेश कोथरूडच्या सायबर कॅफेत धापा टाकत शिरला. मालकीण राधा वानखेडे काउंटरमागे पॅड करत बसल्या होत्या. वाया गेलेले प्रिंटआउट, छापील बाजूवर निळ्या स्केचपेनची तिरकी रेघ, वर दोन पिना. कॅफेतल्या पोरांना फुकट. जूनमध्ये दहावीच्या निकालाला प्रिंटरने इतका कागद खाल्ला, की जुलै अर्धा झाला तरी पॅड संपेनात.

"कुठली वही? क्लिंगॉनची?"

"हो. गुरुवारी तुमच्या ड्रॉवरमध्ये ठेवली होती."

क्लिंगॉन म्हणजे पडद्यावरच्या परग्रहावरल्या योद्ध्यांसाठी मुद्दाम रचलेली भाषा. पाच-सहा पोरं कॅफेत जमून तिचं व्याकरण घोटायची. प्रज्ञेशने त्या वहीत अनेकवचनावर टिपण लिहिलं होतं. ज्यांना भाषा येते त्यांना 'पू' हा प्रत्यय, अवयवांना 'दू', बाकी सगळ्याला 'मे'. 'पू'वर पोरं आठवडाभर हसली. मग प्रज्ञेशने विचारलं, मुक्या माणसाला कुठला? त्यावरही हसली. तो हसला नाही. टिपणात त्याने एका मुक्या बाईचं उदाहरण घातलं.

अकराला भाग्यश्री मॅडम येणार होत्या. त्यांच्या कंपनीला गेमसाठी भाषा रचणारा माणूस हवा होता. ज्याचं टिपण चांगलं, त्याला नोकरी.

मॅडम आल्या. त्या पोरांतल्याच तेजसने फाइल पुढे केली. मुक्या बाईच्या उदाहरणासकट तेच टिपण.

"हे माझं आहे," प्रज्ञेश म्हणाला.

"येरवड्याचा माणूस दुसऱ्याला चोर म्हणतोय! ऐका," तेजस हसला.

"येरवड्यात जेल आहे, बरोबर. आत कोथरूडचेही असतात."

"मॅडम, तारीख बघा. नऊ जानेवारी. तेव्हा हा इथे येतही नव्हता."

राधाताईंनी फाइल ओढून घेतली. पानं सावकाश चाळली.

"सगळं एका बैठकीत लिहिलंस?"

"हो. नऊ जानेवारीला."

"नंतर एखादं पान बदललंस?"

"एकही नाही."

"कागद?"

"पाठकोरे. घरातले."

"ही मुकी बाई कोण?"

"कोणी नाही. कल्पना आहे."

"माझी आई आहे ती," प्रज्ञेश म्हणाला. "दिवसभर हातांनी बोलते. आमच्या वस्तीत सगळ्यांना कळतं."

"पुरावा?" तेजसने खांदे उडवले.

"पुरावा तूच आणलायस," राधाताई म्हणाल्या आणि एक पान उलटं करून मॅडमपुढे ठेवलं. निळी तिरकी रेघ. रेघेखाली छापलेला दहावीचा निकाल, परीक्षा मार्च, साल हेच.

"जानेवारीत लिहिलंस ना? मग जूनमध्ये लागलेला निकाल तुझ्या कागदामागे कसा आला?"

तेजसने पान परत घ्यायला हात पुढे केला.

"मी सांगते. गुरुवारी तू ड्रॉवरमधली वही उचललीस. घरी बसून उतरवलीस. जुना मसुदा वाटावा म्हणून पाठकोरा कागद घेतलास आणि वर जानेवारी टाकलास. पण पॅड माझा होता. रेघ मारलेली बाजू कोणी वाचत नाही रे, ती आपल्या लेखी संपलेली असते. मी वाचते. रेघा मीच मारते. उघड तुझी सॅक."

सॅकमधून वही निघाली. पहिल्या पानावरचं नाव खरवडलेलं होतं.

"एवढा तमाशा! तोही एका खोट्या भाषेसाठी," तेजस पुटपुटला.

"भाषा रचलेली आहे. माझी आई रचलेली नाही," प्रज्ञेश म्हणाला. "तुझं सॉरी नकोय. लिहून दे, टिपण कोणाचं ते. मॅडमसमोर. पूर्ण नाव लिही माझं, आडनावासकट."

भाग्यश्री मॅडमनी आपलं पेन तेजसपुढे ठेवलं. "लिहा. आणि प्रज्ञेश, तुम्ही उद्या दहाला ऑफिसात या."

राधाताईंनी तेजसकडे नवा पॅड सरकवला.

"घे. या वेळी आजची तारीख टाक."