लाल निशाण आणि कर्णफुलं

दौरेनचा घोडा हवामान-केंद्राच्या कुंपणात शिरला आणि तापमापकाच्या पांढऱ्या पेटीला खुशाल मान घासू लागला. तिथून हे सगळं सुरू झालं.

"घोडा आवरा," अकबोता म्हणाली. "त्याच्या घामानं माझी हवा दमट होतेय."

"होऊ दे की... तेवढीच आगीची भीती कमी."

ती हसू दाबत वळली – आणि वनरक्षक दौरेन तिथेच हरवला.

अकबोता सेमेय शहरात शिकून गावच्या पाइनरानात परतली होती. रोज दुपारी ऊन, वारा, हवेतला ओलावा आणि पावसाचा खंड यांचा मेळ घालून ती आगीचा धोका ठरवी आणि वायरलेसवरून साऱ्या वनरक्षकांना कळवी. धोका पाचव्या पायरीवर गेला की लाल निशाण चढे. मग गावातसुद्धा उघड्यावर काडी पेटवायची नाही, वनरक्षकाला रजा नाही. दौरेन रोज आकडे पुन्हा विचारी. इतरांचं मात्र त्याला पहिल्या हाकेला ऐकू येई, म्हणून चौकीचौकीवर हशा पिकायचा.

स्ट्रॉबेरी पिकेपर्यंत गोष्ट घरी पोचली. मुलाच्या आईनं मुलीच्या कानांत कर्णफुलं घातली की सोयरीक पक्की. शोल्पान आपा, म्हणजे दौरेनची आई, ठरल्या दिवशी नटूनथटून आली. दौरेन रजा काढून हजर. अकबोताच्या वडिलांनी अंगणातल्या पाइनखाली समोवार, म्हणजे चहाचं पाणी उकळायचं भांडं, मांडला आणि त्याच्या मधल्या नळीत वाळकी पाइनफळं पेटवली. व्याह्यांना चहाविना बसवणं म्हणजे सात पिढ्यांचा अपमान.

आणि त्याच दुपारी हवा हाडासारखी कोरडी झाली. गवताळ माळावरून संध्याकाळी वारा सुटणार होता. पाचवी पायरी.

अकबोता निशाणाच्या दोरीशी थबकली. निशाण चढवलं तर वडिलांची मान खाली जाणार, दौरेन पहाऱ्याच्या मनोऱ्यावर जाणार... आणि कर्णफुलं? पण वारा पाठवणारा वर बसलाय. वारा येणार ही वर्दी द्यायचं काम त्यानं हिच्यावर सोपवलंय. तिथे लबाडी कशी करायची?

तिनं दोरी ओढली. घरी येऊन बादलीभर पाणी समोवारच्या नळीत ओतलं.

वडील काळेठिक्कर पडले. "पोरी, व्याह्यांना असं वागवतेस?"

शोल्पान आपा उठली. दौरेननं घोड्यावर जीन चढवलं, अकबोताकडे एकदा पाहिलं – आणि गेला. टापा विरेपर्यंत म्हातारी दाराशी उभी होती.

मग ती वळली. "याचा बाप अशाच वाऱ्यात रानात गेला होता. तो परत आला नाही. त्या दिवशी आम्हाला सांगणारं कुणी नव्हतं गं." तिनं कर्णफुलांची डबी उघडली. "ये, बस अशी. केस मागे घे."

मग सगळ्यांनी घोडीच्या आंबवलेल्या दुधाचा थंडगार कुमिस प्यायला. वडील तर दोन वाडगे जास्तच प्यायले.

संध्याकाळी वारा सुटला. उभं रान घुमलं, पण कुठे ठिणगी नव्हती. वायरलेस खरखरला.

"मनोऱ्यावरून दौरेन. काय खबर?"

"वारा नैर्ऋत्येचा, जोराचा. धूर कुठेच नाही. आणि..."

"आणि?"

"...माझे दोन्ही कान जड झालेत."

वायरलेस पुन्हा खरखरला. मग चौकीचौकीवरून शिट्ट्या. त्या थांबल्यावर दौरेन हळूच म्हणाला, "अकबोता, हा अंदाज आहे... की खात्री?"

"खात्री," ती म्हणाली – साऱ्या रानाला ऐकू जाईल असं.