डावीकडची जागा

त्या दुपारी धाकटी सभागृहात गेली ती फक्त इस्त्री केलेली निळी जाकिटं खुंट्यांवर लावायला. तिचं शिवणकामाचं दुकान होतं. पन्नाशी उलटून गेली तरी सगळा गाव तिला धाकटीच म्हणायचा, कारण तिला एक थोरली बहीण होती. ती बहीण, म्हणजे थोरली, गेल्या हिवाळ्यात गेली. धाकटीचं नाव मात्र तेच राहिलं.

जाकिटं होती गायकवृंदाची. दर उन्हाळ्यात तळ्याकाठी कलामेळा भरायचा. आसपासच्या गावांतली माणसं झाडांना दोऱ्या बांधून चित्रं टांगायची, कुंभार चाक मांडून बसायचे, शाळेची मुलं नाटुकली करायची. दिवसभर नुसता गलबला. पण सूर्य टेकला की सगळे आपापली जागा धरून गप्प बसत, कारण आता या गावाचा गायकवृंद उभा राहणार असे.

त्यांच्याकडे सूर धरायला वाद्य नसायचं. सगळे एका रांगेत उभे राहायचे. डावीकडचा पहिला माणूस शेजारच्याच्या कानात सूर गुणगुणायचा, शेजारचा त्याच्या शेजारच्याच्या कानात. असा कानोकानी सूर उजव्या टोकाला पोचायचा. तिथला माणूस तो मोकळ्या गळ्याने लावायचा, आणि पहिला माणूस आपला सूर त्यात मिसळायचा. दोन्ही टोकं एक झाली की तळ्याकाठच्या प्रत्येकाची मान इंचभर उंच व्हायची. बाहेरची माणसं विचारायची, हे जमतं कसं? गावकरी म्हणायचे, "आमचं असंच आहे."

इतकी वर्षं पहिल्या जागी थोरली होती, आणि तिच्या शेजारी, दुसऱ्या जागी, धाकटी. आता पहिली जागा धाकटीची.

सभागृहात उकडत होतं. खिडक्या बंद होत्या आणि जुन्या लाकडाचा वास कोंडला होता. एकेक जाकीट खुंटीला लावता लावता शेवटी हातात एक उरलं. धाकटीने पाहिलं आणि ती जागीच थांबली. सवयीने तिने थोरलीचंही इस्त्री करून आणलं होतं.

तिने ते नाकाशी धरलं. लवंग. गाण्याआधी थोरली नेहमी लवंग चघळायची. हिवाळ्यात धुऊन ठेवलेलं कापड, तरी वास ताजा.

"वेडी कुठली," ती स्वतःलाच म्हणाली आणि ते जाकीट पहिल्या खुंटीला लावून मोकळी झाली.

तालमीला सगळे जमले. तिच्या उजवीकडे पाववाली, शेवटच्या टोकाला घड्याळजी, मधे बाकीचे. घड्याळजीची जीभ कायम सुटलेली.

"धाकटे, घसा साफ करू नकोस बाई. आम्हाला वाटतं शिलाई मशीन सुरू झालं!"

"तुझ्या घड्याळांपेक्षा वेळेवर सुरू होतं ते," धाकटी म्हणाली. सगळे हसले.

पण तिने सूर दिला आणि हसू मावळलं. रांगेच्या मध्यावर येईतो सूर खाली घसरला. घड्याळजीने लावला तेव्हा तो वेगळाच होता. दुसऱ्यांदा तेच. तिसऱ्यांदा तर पाववालीलाच तो नीट लागला नाही.

वृंद बसवणारे मास्तर शाळेत गाणं शिकवायचे. भला माणूस. ते हळूच म्हणाले, "मावशी, राग मानू नका. रांगेत तरुण कोणी येत नाही, त्यात सूरही टिकेना. या वर्षी तुटला, तर पुढल्या वर्षीपासून पेटीवर सूर घेऊ. सगळे तसंच करतात."

सगळे तसंच करतात... धाकटीने पहिल्या खुंटीकडे पाहिलं. थोरलीने जन्मभर सांभाळलं ते आपल्याच तोंडून तुटणार, आणि तेही सगळ्या पंचक्रोशीसमोर.

बाकीचे निघून गेले. पाववाली मात्र चप्पल घालता घालता रेंगाळली.

"एक सांगू? तू तुझ्या ताईच्या जागी उभी राहत नाहीस."

"म्हणजे? मी पार टोकाला, भिंतीला टेकून उभी राहते की."

"तेच म्हणते. ती भिंतीला टेकून कधीच उभी नसायची. तिच्या डावीकडे एक माणूस मावेल एवढी जागा असायची. आम्हाला वाटायचं, हिला मोठेपणा हवा, ऐसपैस उभी राहते. तू ती जागा भरून टाकलीस."

धाकटीला एकदम आठवलं. वृंदात नवीन असताना तिने विचारलं होतं, ताई, आम्हाला सगळ्यांना कोणीतरी सूर देतं, मग तुला कोण देतं? थोरली वेणी घालत होती. वेणी न सोडता म्हणाली होती, "मला डावीकडून येतो. तू तुझं बघ."

धाकटीला तेव्हा ती थट्टा वाटली होती.

मेळ्याच्या संध्याकाळी तळं अगदी स्थिर होतं. मंच काठावरच बांधलेला. त्याच्या डाव्या टोकाला एक बुटकी दगडी भिंत, आणि भिंतीपलीकडे सरळ पाणी. पलीकडे उभं राहायला बोटभर जागा नाही.

धाकटी भिंतीपासून एक माणूस सोडून उभी राहिली. तिला सरकलेली पाहून सगळी रांग न बोलता सरकली. मास्तरांच्या कपाळाला आठी पडली, पण आता बोलायची वेळ नव्हती. लोक गप्प झाले. कुठेतरी एक मूल रडत होतं, तेही थांबलं.

धाकटीला सूर आठवेना. काहीच आठवेना.

आणि मग लवंगेचा वास आला.

तिने मान वळवली नाही. डाव्या कानाजवळचे केस हलले... वारा नव्हता. उबदार श्वास कानाच्या पाळीला लागला. शेजारी कोणी वाकलं की मंचाची फळी कशी बारीक कुरकुरते, तशी कुरकुरली.

आणि सूर आला. बारीक, सरळ, जराही न हलणारा.

तिला ओरडावंसं वाटलं. पण बत्तीस वर्षं याच बाजूने तिने सूर घेतला होता, आणि घेतलेला सूर पुढे द्यायचा हे तिच्या हाडात भिनलेलं होतं. ती उजवीकडे वळली आणि तिने पाववालीच्या कानात तो जसाच्या तसा ठेवला.

तो रांगेतून गेला. टोकाला घड्याळजीने आवाज लावला, धाकटीने आपला त्यात मिसळला आणि दोन्ही टोकं एक झाली. मग गाणं उठलं. पाण्यावरून पलीकडच्या काठाला गेलं आणि तिथून परत आलं. म्हातारी माणसं आपसूक उभी राहिली. धाकटीच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि भीतीच्या वर, कितीतरी वर, अभिमान होता. तुटला नाही, ताई. आपला तुटला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी सभागृहात सगळे भेटले. मास्तरांनी स्वतःहून सांगितलं, "पेटीचं नाव काढणार नाही मी." घड्याळजी मात्र कोपऱ्यात गप्प बसला होता. आयुष्यात पहिल्यांदाच.

तेवढ्यात रेडिओवाला आला. त्याने मेळ्याचं ध्वनिमुद्रण केलं होतं. मंचाच्या दोन्ही टोकांना एकेक माइक लावला होता म्हणे.

"डावीकडचं आधी ऐका," तो म्हणाला. "मला काही कळेना झालंय."

त्याने ते लावलं. आधी शांतता. मग एक गुणगुण, इतकी दूरची की ती आहे की नाही कळू नये. मग दुसरी, थोडी जवळ. मग पुरुषी आवाजात, मग बाईच्या. तोच सूर, हाताहाती द्यावा तसा जवळ येत होता. भिंतीपलीकडून. पाण्यावरून. ती रांग यांच्या रांगेपेक्षा कितीतरी लांब होती. शेवटचा आवाज थोरलीचा होता. तो सगळ्यांनी ओळखला. आणि त्यानंतर धाकटीचा.

पाववालीने धाकटीचा हात घट्ट धरला.

"केवढ्या लांबून येतो गं आपला..." ती पुटपुटली. तिच्या आवाजात भीती होती, आणि मान ताठ होती.

"आता उजवीकडचं," रेडिओवाला म्हणाला.

"नको," घड्याळजी म्हणाला.

सगळे वळले. त्याचा चेहरा पांढरा पडला होता.

"ते लावू नका. मी सांगतो. मला सूर मिळाला, मी तोंड उघडणार, तोच माझ्या उजवीकडे कोणीतरी कान पुढे केला. मला वाटलं, कोणी नवीन घेतलाय. म्हणून... म्हणून मी दिला."

"कोण होतं?" धाकटीने विचारलं.

"मी पाहिलं नाही. पण मला खूप वाकावं लागलं, धाकटे. गुडघ्यापर्यंत. कान एवढासा होता." त्याने अंगठ्याचं पेर दाखवलं. "गार. अजून कुणाचाच हात न लागलेला."

रेडिओवाल्याने यंत्र बंद करायला हात पुढे केला, पण तोवर उजवीकडचं सुरूही झालं होतं. त्यातून घड्याळजीची गुणगुण आली. मग एक बारीक, कोवळी गुणगुण. मग त्याच्या पुढे आणखी एक... आणि तो सूर उजवीकडे, दूर दूर जात राहिला.