समुद्रकाकडीला गळा नसतो

समुद्रतळावरच्या प्रयोगशाळेचं दार तीन दिवस बंद होतं, आणि ते बिघडलेलं नव्हतं, हीच अडचण होती. भिंतीला तडा गेल्याबरोबर स्वसंरक्षक यंत्रणेने ते स्वतःहून लावून घेतलं होतं. ही यंत्रणा संकटात दोन प्राण्यांची तुलना करायची आणि जो वरचढ ठरेल त्याच्यासारखी वागायची. सध्या ती दयाळ पक्षी झाली होती: पिलांवर पंख पसरून बसलेली, अखंड शिट्ट्या मारणारी. बाहेरून कुणी हात लावला की आणखी घट्ट मिटायची.

"पिलं म्हणजे आपण," डॉ. शर्वाणी गोठोस्कर म्हणाल्या.

"आणि दुसरा प्राणी कोणता, मॅडम?" तंत्रज्ञ मुकादमने विचारलं.

"समुद्रकाकडी. कुणी छळलं की ती स्वतःची आतडी बाहेर फेकते आणि निसटते. काही आठवड्यांत नवी उगवतात."

"मग हीच बरी की! इथली आतडी आपणच. फेकेल वर. दयाळाला जिंकवलं कुणी?"

बाई खाकरल्या. तुलनेचे गुण त्यांनीच भरले होते. संचालकांना दयाळाची शीळ आवडते, म्हणून 'गळा' या रकान्यात दहापैकी दहा. काकडीला गळाच नाही, शून्य.

"तू कंत्राटी, तुला नाही कळायचं. कायम नोकरीत वरच्यांची मर्जी सांभाळावी लागते."

"सांभाळा. हवा नऊ दिवसांची उरली आहे."

बाईंनी गळ्याचा रकाना खोडला. शिट्ट्या थांबल्या. भिंती सैलावल्या. दोघं घाईने एकेका सुटका-कुपीत जाऊन बसले.

"आतडी तपासत आहे," यंत्रणा म्हणाली. "पुन्हा उगवेल तेच फेकता येतं. मुकादम, तंत्रज्ञ, कंत्राटी. दर अकरा महिन्यांनी नवा येतो."

धप्प! मुकादमची कुपी वर गेली.

"गोठोस्कर, शास्त्रज्ञ, कायम. या पदाची भरती एकोणीस वर्षं बंद. पुन्हा उगवत नाही. जपून ठेवत आहे."

बाईंची कुपी अदबीने आत ओढून घेतली गेली.

तासाभराने वायरलेस खरखरला. "मॅडम, पोचलो! संचालक इथेच आहेत. तुमचं पद कंत्राटी करा म्हणून अर्ज देऊ का?"

बाईंना आपलं निवृत्तीवेतन आठवलं. मग त्यांनी तड्यातून झिरपणाऱ्या पाण्याकडे पाहिलं.

"द्या, मुकादम, लगेच द्या. आणि हो, आवक क्रमांक घेतल्याशिवाय तिथून हलू नका."